निघताना

कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये दुपारचं ऊन रंगीत काचांतून झिरपत होतं. यात्रेकरूंच्या गुडघ्यांनी झिजलेल्या दगडी पायऱ्यांवर निळे-तांबडे कवडसे सरकत होते. इंग्लंडमधल्याच रीडिंग गावात जन्मलेल्या छोट्या इराला वाटत होतं, आपण पाण्याखाली चालतोय. आजीने देवाघरी गेलेल्या आजोबांच्या नावाने एक मेणबत्ती लावली. बराच वेळ ती त्या ज्योतीकडे नुसती बघत राहिली. मग हात जोडून हळूच म्हणाली, "अहो, येते हं."

इराने तिचा हात घट्ट धरला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, प्लीज. तू आजोबांकडे नाही जायचा."

"अगं, मी कुठे चाललेय?" आजी हसली. "निघताना 'जाते' म्हणू नये, राणी. 'येते' म्हणावं. 'जाते' म्हटलं की माणूस परत यायचा नाही, असं वाटतं."

दारापाशी पोचल्यावर इराने आजीचा हात सोडला, पुन्हा त्या मेणबत्तीपाशी गेली आणि टाचा उंचावून ज्योतीला सांगितलं,

"आजोबा, आजी येत नाही. आजी जातो."