दोन सारख्या घंट्या

घंटी वाजली तसा तो चहाचा कप अर्धा टाकून उठला, व्हरांड्यातली भरलेली झारी उचलली आणि अनवाणीच लॉनवर धावला.

लॉनवर त्यांची कुत्री ढमी नव्हती. चौदा लाल झेंड्या होत्या, प्रत्येक झेंडीपाशी बशीएवढा पिवळा डाग होता आणि परवा नवं बी टाकलेल्या पंधराव्या डागावर चारी पाय रोवून बायकोचा वॉकर उभा होता, ढमीने तिथे पुन्हा बसू नये म्हणून. पण ढमीचा पत्ता नव्हता.

"ढमे! निदान कुठे उरकलंस ते तरी सांग गं बाई!"

तो वाकून वाकून ओला ठिपका शोधू लागला. रोपवाटिकेतल्या माणसाने बजावलं होतं, कुत्री लघवी करून उठल्यापासून साठ आकडे मोजायच्या आत झारीभर पाणी ओतायचं. मग गवत जळत नाही. त्यापुढे ओतलं तर बैल गेला आणि झोपा केला. जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेल्या माणसाला असा एक आकडा सापडला की मग काय विचारता! घंटी वाजल्याबरोबर तो मोजायला लागायचा. आत्ताही मोजत होता. सत्तावन्न, अठ्ठावन्न. साठ झाले तेव्हा त्याने वैतागून झारी खाली आपटली. रविवारी वसाहतीच्या बागस्पर्धेचे परीक्षक यायचे होते आणि गेल्या वर्षीचं पहिलं बक्षीस ही कुत्री तंगडी न उचलता, नुसती बसून घालवणार होती.

आत पलंगावर त्याची बायको हे सगळं खिडकीतून बघत होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तिला नऊ दिवस झाले होते. हाका मारून मारून तिचा घसा बसला, म्हणून त्यानेच तिच्या उशाशी ही घंटी आणून ठेवली होती. ढमी अंगणात गेली की कळावं म्हणून तिच्या पट्ट्यालाही एक बांधली होती. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच आवाजाच्या. "एक वेगळ्या आवाजाची देऊ का?" असं दुकानदाराने विचारलं, तर हा म्हणाला होता, "कशाला? दोन्ही घरातल्याच तर आहेत."

ढमी पलंगाखाली गाढ झोपली होती.

बायकोने पुन्हा घंटी वाजवली. तो पुन्हा पळाला, बाहेरच्या बाहेर. या वेळी त्याने दोन्ही हातांत दोन झाऱ्या घेतल्या होत्या. कुंपणापर्यंत गेला, परत आला, जास्वंदीमागे डोकावला.

"अहो," ती म्हणाली. आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोचला नाही.

तिला बाथरूमला जायचं होतं. चहा घेतल्यापासूनच जायचं होतं. बाथरूम पलंगापासून आठ पावलांवर होतं, हेही त्यानेच मोजून सांगितलेलं. पण वॉकरशिवाय एकही पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं आणि वॉकर बाहेर बियांची राखण करत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दात आवळले आणि तिसऱ्यांदा घंटी वाजवली, चांगली जोरात, हात दुखेपर्यंत.

बाहेर तो जागच्या जागी गरगर फिरला.

"अगं, किती वेळा जाशील? पाण्याची टाकी आहेस की काय!" तो रिकाम्या लॉनवर ओरडला. मग नाइलाजाने, जिथे शंका आली तिथे तिथे, त्याने दोन्ही झाऱ्या रित्या केल्या. नळाखाली त्या परत भरताना त्याने डोळ्यांत तेल घालून लॉनकडे पाहिलं. पाणी भसाभसा पडत होतं. खिडकीतून तेही तिला दिसत होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर घंटी वाजली नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो व्हरांड्यात बसून राहिला, मांडीशी झारी ठेवून. चला, सुटलो एकदाचे. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की बायकोचा सकाळपासून आवाज नाही. बरं वाटत असेल. कौतुकाने बघायला म्हणून तो आत गेला. झारी हातातच राहिली होती.

त्याची चाहूल लागून ढमी पलंगाखालून बाहेर आली. तिच्या गळ्यातली घंटी किणकिणली आणि तो सवयीने दाराकडे वळला. एक, दोन, तीन. तिथेच थबकला. कुत्री आत होती. घंटी आत होती. मग मघापासून...

तो सावकाश मागे वळला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादर तिने दोन्ही मुठींनी छातीशी ओढून धरली होती, पण खालची गादी ओली झालेली लपत नव्हती. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं रागावलेलंही.

"अगं, मला वाटलं ढमीच... एखादी हाक तरी..."

तिने मान वळवली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या काठोकाठ भरलेल्या झारीकडे.

"उभे काय राहिलात?" ती बसक्या आवाजात म्हणाली. "ओता. पिवळं पडायच्या आत ओता."