पांगाऱ्याचा मासा

हिरामणच्या पत्राला बेहेरे मास्तरांनी अजून उत्तर दिले नव्हते. पत्र हरिहरेश्वराहून आले होते. मासे पकडायच्या लाकडी आमिषावरचा मास्तरांचा मासिकातला लेख वाचून हिरामणने पांगाऱ्याच्या लाकडाचा तसाच मासा कोरला होता. पाय अधू झाल्यापासून होडीवर कोणी घेत नाही, तेव्हा खडकावरून काही लागते का ते रोज बघतो, असे त्याने लिहिले होते. शेवटी विचारले होते, ‘हा मासा पाहून मोठा मासा झेप घेतो, असे आपण लिहिता. माझ्याकडे अजून घेतली नाही. आपल्याकडे घेतली का?’

मास्तरांकडेही घेतली नव्हती. त्यांनी गळ कधी बांधलाच नव्हता. त्यांच्या घरात मासे शिजत नसत. त्यांचे लाकडी मासे सुपारीच्या वाडीतल्या पाटात पोहत, आणि मास्तर काठावर उकिडवे बसून पाहत. तोंडाशी बसवलेली डब्याच्या पत्र्याची तिरपी जीभ पाण्यावर आदळे, मासा बुडी घेई; त्याच्या अंगामागे एक भोवरा डावीकडे सुटे, एक उजवीकडे, आणि शेपूट डुलू लागे. त्यांना तेवढेच पुरत असे. झेपेचे वाक्य त्यांनी लेखात घातले ते केवळ चांगले वाटले म्हणून.

आज ते रेवदंड्याच्या तटाखाली, खाडीच्या तोंडाशी खडकावर उभे होते. गळ अलिबागेहून आणला होता. कोणासाठी, असे दुकानदाराने विचारल्यावर ‘शाळेसाठी’ असे सांगून. मासा लागणार नाही, याची त्यांना जवळजवळ खात्री होती. मग ‘नाही’ असे खरे खरे लिहून मोकळे होता येईल.

“काय मास्तर, वाट चुकलाव?”

आवडाबाई कोळीण खडकावरची कालवं काढत होती. मासळीची पाटी घेऊन ती रोज ब्राह्मणआळीच्या तोंडावरून जाई. आत कधी वळत नसे.

“पाणी बघतोय,” मास्तर म्हणाले.

“दोरी बांधून?”

भरती चढू लागली होती. मास्तरांनी गळ बांधलेला लाकडी मासा फेकला आणि दोरी हळूहळू ओढू लागले. पाटात कधी पोहला नव्हता तसा तो पोहत होता. खडकाला वळसा घालून येणाऱ्या पाण्यात शिरला, डगमगला, सावरला, पुन्हा डुलू लागला. मास्तर गळ विसरले. “वा,” असे ते पुटपुटलेही.

तेवढ्यात दोरी तळहात कापत सरकली.

“वढा!” आवडाबाई कोयती टाकून धावली. “अवो, सोडताव काय? वढा की!”

मास्तर खरोखरच सोडत होते. तिने दोरी त्यांच्या हातून घेतली आणि खेचत खेचत जिताडा खडकावर आणून टाकला. चांगला हातभर होता. तो शेपटी आपटत होता, आणि त्या शेपटीला आता पाणी नव्हते.

“सोडू या त्याला, बाई.”

“जिताडा सोडताव?” तिने जबडा उघडून आत पाहिले. “पार खोल गिळलाय. सोडून पन जगाचा न्हाय ह्यो.” मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “तिकडं बघा जरा.”

मास्तरांनी तोंड फिरवले. शाळेत त्यांनी फळ्यावर कितीदा तरी कल्ले काढून दाखवले होते. मागे एक आवाज झाला, मग काहीच नाही.

तिने लाकडी मासा खाडीत धुऊन त्यांच्या हातात दिला. पाठीवरचा रंग खरवडला होता.

“ब्येस केलाय,” ती म्हणाली. “मीपन फसले असते. आता ह्या खऱ्याचं काय? घरी तर तुमच्या न्याचा न्हाय.”

“तुम्ही न्या.”

“मी नेनारच व्हते,” ती हसली.

घरी आल्यावर मास्तरांनी हात साबणाने धुतले, आणि थोड्या वेळाने पुन्हा धुतले. मग कार्ड लिहायला बसले. ‘रेवदंडा, जि. कुलाबा, १२-१-५८. होय, जिताडा लागला. आजच, आणि पहिल्यांदाच. लेख लिहिला तेव्हा लागलेला नव्हता. ते वाक्य मी नुसते सुचले म्हणून लिहिले. भरतीच्या पाण्यात, खडकाच्या कडेने ओढून पाहावे. क्षमस्व.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड घेऊन आळीच्या तोंडाशी असलेल्या टपालपेटीपर्यंत आले. जवळच्या ओट्यावर आळीतले गोपाळराव पूजेची फुले निवडत बसले होते. समोरून आवडाबाई पाटी घेऊन येत होती.

“मास्तर!” तिने लांबूनच हाक मारली. “तुमचा मासा गोड व्हता हो! पोरांनी डोकंसुद्दा ठेवला न्हाय!”

गोपाळरावांचा हात परडीत थांबला.

तो माझा नव्हे, असे म्हणावे की बरे झाले म्हणावे, हे मास्तरांना कळेना. त्यांनी मान हलवली, तीही दिसेल न दिसेल अशी. आवडाबाई हसत पुढे गेली.

मास्तरांनी खिशातले पेन काढले, कार्ड पेटीच्या लाल पत्र्यावर टेकवले. ‘क्षमस्व’च्या खाली थोडी जागा होती. तिथे त्यांनी लहान अक्षरांत लिहिले, ‘चवीला गोड असतो, असे कळते.’

शाई वाळेपर्यंत गोपाळराव त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांनी वर न पाहता कार्ड पेटीत टाकले.