ताईचं पथ्य

"मिठाची बरणी कुठाय?" धाकटीनं दारातूनच विचारलं.

सात वर्षांनी बहिणीच्या घरी येऊन तिचं पहिलं वाक्य हे. थोरलीनं कपाटाकडे बोट दाखवलं.

आईचं शिवणयंत्र थोरलीनं न विचारता विकलं, तेव्हापासून दोघींत अबोला. तो मोडला धाकटीच्या मुलानं. "मावशीची साखर वाढलीय, रक्तदाबही. कुणाचं ऐकत नाही," एवढंच तो म्हणाला आणि धाकटी तडक निघाली.

"माफ करायला आलेली नाही हं," तिनं बजावलं. "आईनं पथ्य मोडलं आणि गेली. पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात."

"पण अळणी एकटीच्या घशाखाली उतरत नाही गं. तू सोबत खाणार असशील तर बघू."

"खाईन की! डॉक्टर माझ्यावरही डोळे वटारतात, मी ढुंकून बघत नाही. पण तुझं वय झालंय."

मग रोज उकडलेला भोपळा, पातळ सूप आणि जेवणानंतर फेरफटका. थोरली झपाझप पुढे.

"हळू चाल! आजारी आहेस तू!" मागून धाकटी धापा टाकत ओरडायची.

दोघींचा जन्म शिवणकामात गेलेला. धाकटी दर आठवड्याला थोरलीच्या कमरेला टेप लावायची. "ढिम्म हलत नाहीये. चोरून खातेस!"

"तुझाच झगा ढगळ झालाय. ये, आत घेऊन देते."

शिवण उसवता उसवता एकदा धाकटीनं विचारलंच, "आईचं यंत्र का विकलंस?"

"आई गेल्यावर त्यावर बसले की वाटायचं, तीच शिवतेय. सहन होईना."

"मला द्यायचंस."

"हो. चुकलं माझं."

धाकटीनं टेप गुंडाळून ठेवली. "आजारी माणसावर राग धरून करू काय? जा, केलं माफ. आणि हल्ली मला झोप छान लागते, ती कशाला बिघडवू?"

तीन महिन्यांनी दोघी तपासणीला गेल्या. "आधी हिला टोचा, मग मला," थोरली हटून बसली. दवाखान्यात सगळे हसले. निकाल आल्यावर डॉक्टर दोघींकडे बघून म्हणाले, "उत्तम! असंच चालू ठेवा."

"वाचलीस गं, ताई!" धाकटीनं तिला तिथंच मिठी मारली. घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती.

संध्याकाळी धाकटी बाहेर गेली असताना भाच्याचा फोन आला. "मावशी, काय म्हणाले डॉक्टर?"

थोरलीनं पावावर लोण्याचा जाड थर लावला, वर मीठ भुरभुरवलं.

"उतरली रे साखर. रक्तदाबही ताळ्यावर आलाय." तिनं मोठा घास घेतला. "पण तुझ्या आईला बोलू नकोस हं. पथ्य तिचं होतं हे कळलं, तर उद्यापासून भोपळ्याला तोंड लावायची नाही."