बाथरूमचा ग्रे

“हा बी नाई,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

प्रफुल्लचा ब्रश तिथंच थांबला. बाथरूमच्या दारामागं त्यानं वीतभर पट्टा मारला होता, तो अजून ओलाच होता.

“आता याले काय झालं?”

“फिक्का हाय.”

“मागच्या रविवारी तुले काळपट वाटला.”

“वाटला. मग?”

प्रफुल्लनं कपाळाला हात लावला. दर रविवारी वर्ध्याहून देवळीला यायचं, घरून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रंग ओतून आणायचा, मोबाइलमध्ये बघून त्याचं इंग्रजी नाव सांगायचं, पट्टा मारायचा आणि आईचं ‘नाई’ ऐकून परत जायचं. माणसानं वैतागावं नाही तर काय करावं?

“आई, बाथरूम आहे ते. तिथं काय पंगत बसवायची आहे?”

“आंघोळ तर मलेच करा लागते ना.”

ग्रेचं खूळ मुळात त्याचंच. आधी भिंती निळ्या होत्या, त्यांचे पोपडे निघाले. आजकाल सगळे ग्रेच लावतात, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

खरं सांगायचं तर अन्नपूर्णाबाईंना या रंगांत काडीचा फरक दिसत नव्हता. स्लेट म्हणा, स्मोक म्हणा, त्यांच्या लेखी सगळी चुलीतली राख. पण एकदा पसंत म्हटलं की संपलं. कैलास पेंटर येणार, भिंती रंगवून मोकळा होणार, आणि प्रफुल्लला देवळीला यायला कारणच उरणार नाही.

कारण लागतच होतं. प्रफुल्लचे वडील, भैयाजी, वारले तेव्हा तो आईला वर्ध्याला न्यायला आला. त्या काही केल्या घर सोडेनात. शब्दानं शब्द वाढला. तो म्हणाला, “राहा मग एकटी, मी पाय ठेवणार नाई इथं.” त्या म्हणाल्या, “काम असल्याबगर येऊच नको.” झालं. कितीतरी महिने फोन नाही की निरोप नाही. दोघांचंही नाक वर.

चुकलं म्हणायची या घरात पद्धतच नव्हती. भांडण झालं की भैयाजी दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन नळाचं वायसर बदलायला बसायचे. नळ चांगला असला तरी. अन्नपूर्णाबाई त्यांच्यापुढं चहा ठेवायच्या आणि घर पूर्ववत सुरू व्हायचं. म्हणून पोपडे पडले तेव्हा त्यांनी शेजारच्या चंदनच्या तोंडी निरोप धाडला, बाथरूमचं काम निघालं म्हणून. त्याच रविवारी प्रफुल्ल दारात हजर.

आता हे असं किती दिवस चालायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अशातच सुनेचा, काजलचा, फोन आला.

“आई, राग नका मानू. यांना आठवड्यातून एक सुट्टी मिळते, ती तुमच्या बाथरूममध्येच जाते. पोरं विचारतात, बाबा कुठं गेले. एक रंग सांगून टाका ना.”

काजल काही भांडकुदळ नव्हती. थकल्या आवाजात बोलली, ते जास्तच लागलं. फोन ठेवल्यावर अन्नपूर्णाबाईंना स्वतःचाच राग आला. पोराला काय असं धरून ठेवायचं असतं?

पुढच्या रविवारी प्रफुल्ल आला. “हा पेबल,” म्हणाला, आणि खिडकीखाली पट्टा मारला.

“हाच,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“काय हाच?”

“हाच पसंत हाय. कैलासले सांगजो, उद्या ये म्हणा.”

प्रफुल्ल वळून बघत राहिला. “घाई नको करू. वाळल्यावर वेगळा दिसते. आणखी एक मूनस्टोन म्हणून आहे, तो पाह्यला असता.”

“नाई. झालं आता.”

“नक्की?”

“किती खेपा इचारतं? म्हटलं ना हाच.”

“एवढे दिवस छळलं, अन् आज फटकन हाच.” त्यानं ब्रश आपटलाच. चहा अर्धा टाकून उठला. गाडी सुरू केली, पण येतो म्हणाला नाही.

इतका वेळ वाया घालवला पोराचा, चिडणारच तो. बरं झालं, सुटला एकदाचा, असं त्या स्वतःला सांगत होत्या. तरी डोळ्यांत पाणी आलंच. मग पाण्याचाही राग आला.

सोमवारी सकाळी कैलास बादली आणि पॉलिश पेपर घेऊन आला. बाथरूमचं दार सताड उघडून, लाइट लावून भिंतीपुढं उभा राहिला.

“काकू, यातला कोणता? दुकानात दाखवाले थोडासा खरवडून नेतो.”

“तो खिडकीखालचा. बाकीचे नाई जमले.”

कैलासनं खिडकीखाली पाहिलं. मग नळाजवळ. मग दार ओढून त्याच्या मागं.

“काकू, थट्टा करून राह्यल्या काय माझी?”

“काऊन रे?”

“तुमीच पाहा. आता सगळे वाळले. पट्टे एवढे सारे, पण रंग एकच हाय. एकाच डब्यातला.”

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात आल्या. नळाजवळच्या पट्ट्यावर त्यांनी हात फिरवला, मग खिडकीखालच्या.

“लावू ना मग हाच?” कैलासनं विचारलं.

“पेपर ठेव खाली. पयले प्रफुल्लले फोन लाव. म्हणा, आईले हा बी नाई जमला. तो मूनस्टोन का काय म्हणत होता, तो घेऊन ये म्हणा रविवारी. अन् येतानी काजलले अन् पोराइलेबी आणजो म्हणा.”