देवाची मूठ

“आई, ही सहावी मूठ!” तियाल सासूवर करवादली. भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ देवाच्या डब्यात टाकायचे आणि रविवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा, ही म्यानमारच्या डोंगरातल्या हाखा गावाकडची घरोघरची रीत. पण हल्ली म्हातारीला मूठ टाकल्याचं आठवायचंच नाही. “पहिलीच तर आहे,” म्हणत तिने डोळे मिटले, “देवा, उपाशी लेकराला पोचव.” “आणि आपली लेकरं? त्यांना काय रिकामं पातेलं वाढू?” वैतागून तियालने डबा माळ्यावर ठेवला. “टाका आता कुठे टाकायची ती!” सासूने मूठ भरली, डब्याची जागा चाचपली, चुलीमागे पाहिलं. मग तियालसमोर येऊन तिचा हात उघडला, त्यात तांदूळ ओतले, डोळे मिटले. “देवा, उपाशी लेकराला पोचव.” सकाळपासून तियालच्या पोटात काही नव्हतं. “आमेन,” ती चरफडत म्हणाली; पण एक दाणाही तिने सांडू दिला नाही.