बोजासकट घर

"घर बोजासकट घेते," सेवेरीना म्हणाली, "पण बोजाची रक्कम किमतीतून वजा करा. वर माझ्या डोकेदुखीचे तीन हजार."

डॉन रेनाल्दोला हसू आलं. बापाचं हे घर विकायलाच तो तीस वर्षांनी माद्रिदहून सुक्रेला आला होता. म्हाताऱ्यानं कुण्या बाईचे पैसे बुडवले होते, आणि तिनं कोर्टात जाऊन घरावर अडतीस हजार डॉलरचा बोजा चढवला होता. तीन गिऱ्हाइकं कागद बघूनच पळाली होती. आता ही घेरदार झग्यातली बटाटेवाली आपल्या पायांनी चालत येऊन गळ्यात धोंड बांधून घेत होती.

"दोन हजार घे," तो म्हणाला. "हा काही तुझा बाजार नाही."

"बाजारात मी एवढ्यावर सोडत नसते, साहेब."

अठरा वर्षं पोती उचलून साठवलेला पै-पैसा ती या घरात घालत होती. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

नोटरीबाईंनी रिवाजाप्रमाणे पूर्ण नावं वाचली, आधी बापाचं आडनाव, मग आईचं. विकणाऱ्याचं, घेणारीचं, बोजावालीचं. डॉन रेनाल्दो फोनवर विमानाचं तिकीट बघत होता. असल्या लोकांची आडनावं त्याला सारखीच वाटायची.

नोटरीबाईंनी चष्म्यावरून सेवेरीनाकडे पाहिलं. "ही बोजावाली बाई उद्या पैसे मागायला आली आणि तुम्ही दिले नाहीत, तर घराचा लिलाव होईल. सगळं जाईल तुमचं. विचार केलाय ना?"

"सहा महिने तेच करतेय," सेवेरीना म्हणाली, आणि तिनं सही ठोकली.

शुक्रवारी तो किल्ल्या द्यायला आला, तेव्हा ती घराच्या चारी कोपऱ्यांत धरणीमातेच्या नावानं बिअर शिंपडत होती. दारावर रंगीत कागदांच्या माळा लागल्या होत्या. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. काठी टेकत एक म्हातारी उतरली. तिच्या हातात कोर्टाचा शिक्का मारलेला कागद होता.

"हे घर माझं देणं लागतं," म्हातारी म्हणाली. "एकवीस वर्षं राबले इथं. शेवटची अकरा वर्षं पगाराचा दमडा दिला नाही."

"घे! आलीच तुझी सावकारीण," डॉन रेनाल्दो खुशीत म्हणाला. "आता मी नाही बरं का यात. तुझं तू निस्तर." तरी तमाशा बघायला तो थांबलाच.

म्हातारी पायरीपाशी घुटमळली. मग सवयीनं घराला वळसा घालून मागच्या बाजूला निघाली.

सेवेरीनानं बाटली खाली ठेवली आणि धावत जाऊन तिचा हात धरला.

"तिकडून नाही. माझ्या घरात माझी आई पुढच्या दारानं येते."