जुन्या पुलाचा ठराव

माइकमधून नुसती हवा आली.

पालिकेच्या सभागृहात कोणी हसलं नाही. एरवी या माणसाला माइक लागतच नसे. विरोधी बाकावरून ते बोलायला उठले की बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू जाई. गावानं त्यांचं नावच तोफ ठेवलं होतं. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कानाशी तोंड नेलं तर कळेल एवढी कुजबुज तेवढी उरली. त्यानंतरची ही त्यांची पहिलीच सभा.

विषय होता ओढ्यावरच्या जुन्या लोखंडी पुलाचा. शेजारी मोटारींसाठी नवा ऐसपैस पूल झाला होता. जुना गंजत चालला होता आणि त्याची डागडुजी काही संपत नव्हती. तो पाडून टाकावा, असा ठराव खुद्द अध्यक्षबाईंनी मांडला होता. तो मंजूर होणार हे सगळे धरूनच चालले होते.

तोफेच्या शेजारचा सदस्य मदतीला धावला. त्यानं कान लावून ऐकलं आणि उभा राहून म्हणाला, "भाऊंचं म्हणणं असं, की या विषयाचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती."

तोफेनं टेबलावर हात आपटला. नम्र विनंती त्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

अध्यक्षबाईंनी ते पाहिलं. त्यांनी शिपायाला आपल्या शेजारी खुर्ची ठेवायला सांगितली. "इकडे या, भाऊ. मला सांगा, मी बोलते."

"बाई, ते तुमच्या विरोधात आहे," तो सदस्य चाचरत म्हणाला.

"बाजूनं कधी होतं?"

तोफ सावकाश पायऱ्या चढून वर आले. इतकी वर्षं दोघं समोरासमोर बसून भांडले होते. शेजारी कधी बसले नव्हते. त्यांच्या गळ्याभोवती मफलर होता आणि अंगाला औषधाचा वास येत होता. बाईंनी कान पुढे केला.

"ते म्हणतात," बाई माइकमध्ये म्हणाल्या, "अध्यक्षबाईंना गाव दिसतं ते मोटारीच्या काचेतून. ते म्हणतात, ही पालिका आहे की भंगारवाल्याचं दुकान?" विरोधी बाकांवर खसखस पिकली. पुढचं वाक्य ऐकून बाई थांबल्या. "हेही म्हणू?"

तोफेनं जोरात मान डोलावली.

"ते म्हणतात, बाईंच्या डोक्यात सिमेंट भरलंय. तेही हलक्या प्रतीचं."

सभागृह खदखदून हसलं. बाईही हसल्या. तोफेच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जुनी चमक आली.

मग त्यांना धाप लागली. त्यांनी बाईंच्या खुर्चीचा हात घट्ट धरला. आता शब्द तुटक तुटक येऊ लागले. एकही निसटू नये म्हणून बाई पार खाली वाकल्या आणि 'ते म्हणतात' म्हणायचं राहूनच गेलं.

"घरी मी एकटाच असतो. आवाज गेल्यापासून लोक माझ्याशी ओरडून बोलतात. मी बहिरा झाल्यासारखं. नाहीतर मला बघून रस्ता ओलांडतात. त्यांचंही चुकत नाही. काय बोलावं, सुचत नसेल. मीही तेच केलं असतं."

हसू विरून गेलं होतं.

"दवाखान्यात मी जुन्या पुलावरून जातो. तो अरुंद आहे. समोरून कोणी आलं की दोघांनाही अंग चोरून उभं राहावं लागतं. टाळून जायला जागाच नसते. मग कोणी माझ्या खांद्याला हात लावून पुढे सरकतं. कोणी कोपर धरतं. एक भाजीवाली आहे. ती टोपली सावरते, माझ्या पाठीला हात लावते आणि म्हणते, 'जा सावकाश.' दिवसभरात मला माणसाचा हात लागतो तो तेवढाच."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा कान दिला.

"नव्या पुलावर खूप जागा आहे, बाई. तिथे कोणाचा कोणाला धक्कासुद्धा लागत नाही."

तोफ मागे टेकले. त्यांचं बोलून झालं होतं.

आता उत्तराची पाळी बाईंची होती. इंजिनिअरनं गंजलेल्या खांबांचे फोटो पुढे सरकवले. आजवर तोफेनं बाईंचं एकही उत्तर धड पुरं होऊ दिलं नव्हतं. आज ते मांडीवर हात ठेवून ऐकायला बसले होते. बाईंनी फोटो पाहिले, उलटे करून ठेवले.

"मतदान घेऊ," त्या म्हणाल्या.

हात वर झाले. बाईंच्याच बाकांवरचे काही हात खाली राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा मोजलं. मतं समसमान पडली होती.

"निर्णायक मत आपलं," ते हळूच म्हणाले.

"विरोधात."

"बाई, ठराव आपलाच आहे."

"माहीत आहे मला. पूल नीट दुरुस्त करून घ्या." बाई इंजिनिअरकडे वळल्या. "आणि उत्साहाच्या भरात रुंद करू नका. आहे तेवढाच ठेवा."

विरोधी बाकं दणादणा वाजली. मग इकडचीही वाजायला लागली. त्या गडबडीत तोफ पुन्हा बाईंच्या कानाशी झुकले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता.

"दमलो, बाई."

सभा अर्धीच झाली होती. पाण्याचा विषय होता, दिव्यांचा होता. सगळे वर बघत होते, तोफ आता आणखी काय म्हणाले ते ऐकायला.

बाईंनी माइक जवळ ओढला.

"मी दमले आहे," त्या म्हणाल्या. "राहिलेले विषय उद्या घेऊ."